विद्यापीठाजवळ राहून कमी पैशांत नीट कसं जेवायचं? पुण्यात नव्याने आलेल्यांचे नेहमीचे प्रश्न

दर वर्षी जुलै-ऑगस्टात प्रवेशांची धांदल ओसरली की मला तेच तेच प्रश्न येतात. विचारणारं माणूस तेवढं बदलतं: कधी उदगीरचा, कधी नंदुरबारची, कधी सावंतवाडीचा. मी स्वतः लातूरकडची. गणेशखिंडीतल्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात एम.ए.ला आले तेव्हा पहिले दोन-तीन महिने वडापाव, चहा आणि 'रात्रीचं बघू' यावर काढले. दिवाळीला घरी गेले तर आईने दारातच विचारलं, "तिकडं दुष्काळ पडलाय का गं?" त्यानंतरची सहा वर्षं गोखलेनगरात कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन, राहून जे कळलं ते इथे आहे. खालचे भाव माझ्या वहीतले आहेत, अंदाजापुरते धरा.

महिन्याला जेवणाचे किती पैसे धरू?

दोन वेळची मेस गोखलेनगर, खडकी, औंध गाव या पट्ट्यात साधारण तीन ते चार हजारांत बसते. वर नाश्ता, दूध, फळं, अंडी असे हजार-बाराशे. म्हणजे साडेचार-पाच हजारांत माणूस व्यवस्थित जेवतो. चार हजारांतही जमतं, पण मग हिशेब ठेवावा लागतो. तीनच्या खाली यायचं तर हाताने रांधायला हवं, नाहीतर खाली सांगितलेल्या योजनांपैकी एखादी मिळायला हवी.

पैसे मेसवर जातात असं सगळ्यांना वाटतं. माझी पहिल्या वर्षाची वही वेगळं सांगते. दिवसाला दोन चहा, बारा रुपयांचा एक, आणि चार वाजता वीस रुपयांचा एक वडापाव: चव्वेचाळीस रुपये. महिन्याचे झाले १,३२०. एवढ्यात मेसचा तिसरा हिस्सा आला असता. हातात नोटा होत्या तेव्हा पाकीट हलकं झालेलं कळायचं, आता फोनवरून दहा-वीस रुपये कधी गेले ते समजतही नाही. फक्त एक महिना वहीत लिहा. पुढे लिहिलं नाही तरी चालेल, डोळे तोवर उघडलेले असतात.

चहा सोडा असं मी म्हणत नाहीये. चहा सोडून एम.ए. होत नाही. पण चारच्या भुकेचा बंदोबस्त सकाळीच पिशवीत असला पाहिजे. सगळं बजेट त्या चारच्या भुकेपाशी फुटतं.

मेस लावू, डबा लावू, की खोलीवर करू?

पहिल्या सत्रात मेस लावा. नवं शहर, नवा अभ्यासक्रम, त्यात भाजी निवडत बसलात तर आठवड्याभरात कंटाळून बाहेर खायला लागाल. मी पाहिलेल्या दहांतल्या आठजणांचं असंच झालं.

डबा त्यांनी लावावा ज्यांचं जेवण वेळेवर होत नाही, म्हणजे प्रयोगशाळेत अडकणारे आणि विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात दिवस काढणारे. डब्यात चपात्या मोजून चार किंवा पाच, भाजी एकच, आणि दुपारी दोनपर्यंत सगळं गार. भूक मोठी असेल तर डबा पुरत नाही, मेसच हवी. मुलांना मेस आणि मुलींना डबा अशी इथे एक सवय पडलीये. तिला काही अर्थ नाही. मुलींनाही जादा चपाती लागते.

खोलीवर स्वयंपाक दोघी-तिघींनी मिळून केला तरच परवडतो. एकटीने केला की अर्धी कोथिंबीर सडते आणि भांडी घासायचा कंटाळा जिंकतो.

माझी रीत शेवटी अशी ठरली: दोन्ही वेळा मेस, आणि मेसमध्ये जे कमी पडतं तेवढंच खोलीवर. मेसचं जेवण वाईट नसतं, अपुरं असतं. चपाती-भात पोटभर मिळतो. कडधान्य, हिरवं, कच्चं आणि फळ मिळत नाही. म्हणजे आपल्याला अख्खा स्वयंपाक करायचा नसून डागडुजी करायची आहे, आणि ती दिवसाला वीस-पंचवीस रुपयांत होते.

चांगली मेस ओळखायची कशी?

रविवारी दुपारी अजिबात बघायला जाऊ नका. त्या दिवशी फीस्ट असते. पुरी, श्रीखंड किंवा गुलाबजाम, मसालेभात, आणि काकू प्रेमाने आग्रहही करतात. (त्याच दिवशी संध्याकाळी मेस बंद असते, हे नव्यांना रात्री आठला दारावर उभं राहिल्यावर कळतं.) मंगळवारी किंवा बुधवारी रात्री साडेनऊच्या सुमारास जा आणि एक ताट घेऊन जेवा. उशिरा आलेल्याला काय मिळतं, ती त्या मेसची खरी पत.

आधी वरण बघा. वाटीत चमचा फिरवल्यावर डाळ वर येते की नुसतं पिवळं पाणी फिरतं? महिनाभर तेच प्यायचं आहे. मग भाजी. रोज बटाटा, कोबी, फ्लॉवर यांचीच फिरवाफिरव असेल तर विचार करा. आठवड्यातून दोनदा उसळ आणि एकदा पालेभाजी असेल तर थोडे जास्त पैसे गेले तरी ती मेस घ्या. मटकी-चवळीची उसळ करणारी मेस मी घरापासून पंधरा मिनिटं लांब असूनही तीन वर्षं सोडली नाही. रश्श्यावरच्या तवंगाला भुलू नका. तर्री दिसायला झकास असते, पण तेल कोणतं आणि कितव्यांदा तापवलेलं ते तिच्याखाली झाकलं जातं.

पैसे देण्याआधी खाड्याचं विचारा. हा शब्द घरी फारसा ऐकलेला नसतो. गावी गेलात, जेवला नाहीत, तर तेवढ्या दिवसांचे पैसे कापले जातात किंवा दिवस पुढे वाढवून मिळतात, तो खाडा. बहुतेक ठिकाणी सलग तीन दिवस नसलात आणि आदल्या दिवशी सांगितलंत तरच खाडा धरतात. काही जण धरतच नाहीत. दिवाळी, गणपती, परीक्षेनंतरची सुट्टी असं मिळून वर्षात बरेच दिवस आपण पुण्यात नसतो, त्यामुळे खाडा न धरणारी स्वस्त मेस वर्षअखेर महाग पडते.

आणि एका महिन्याच्या वर आगाऊ पैसे देऊ नका. मी एकदा सवलतीच्या मोहात तीन महिन्यांचे दिले. पाच आठवड्यांनी शटरला कुलूप. शेजारचा पंक्चरवाला म्हणाला, "ते गेले गावाला."

मेसवाले जेवणात सोडा घालतात, म्हणून पोट लवकर भरतं. खरं का?

पुण्यातली ही सगळ्यांत जुनी अफवा असावी, आणि ती अगदीच निराधार नाही. खाण्याचा सोडा घातला की कडधान्यं लवकर शिजतात, गॅस वाचतो, म्हणून काही ठिकाणी चिमूटभर पडतो. तोटा असा की सोड्याने ब१ जीवनसत्त्व बरंचसं नष्ट होतं. पण भूक मारण्यासाठी कोणी मुद्दाम घालतं, यावर माझा विश्वास नाही. भाताला साबणासारखा वास आणि डाळीला बुळबुळीतपणा आला तर सोडा जास्त झालाय असं समजा.

ज्या जळजळीचं खापर सोड्यावर फुटतं तिची कारणं बहुधा आपलीच असतात. सकाळी रिकाम्या पोटी चहा, दुपारचं जेवण तीनला, रात्री तिखट रस्सा आणि जेवल्या जेवल्या आडवं होणं.

मेसच्या जेवणातून पुरेसं प्रोटीन मिळतं का?

जवळपास मिळतं, पूर्ण नाही. आपल्याकडच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं रोज लागतात. पंचावन्न किलोच्या मुलीला झाले सुमारे ४६ ग्रॅम. आता मेसचं ताट मोजू. दोन्ही वेळच्या मिळून सहा चपात्यांमधून साधारण २०, भातातून ७-८, आणि त्या पातळ वरणातून आणखी ७-८. बेरीज पस्तिशीच्या आत-बाहेर. भोक दहा-बारा ग्रॅमचं आहे. शिवाय गव्हा-तांदळाच्या प्रथिनांना डाळीची जोड लागतेच, नुसत्या चपात्या वाढवून भागत नाही.

हे भोक बुजवण्याचे मार्ग: दोन अंडी (१२-१३ ग्रॅम, चौदा-सोळा रुपये). मोठी मूठभर, म्हणजे चाळीस ग्रॅम शेंगदाणे (१० ग्रॅम, सहा रुपयांच्या आसपास). पंचवीस ग्रॅम सोयावडी (१३ ग्रॅम, चारेक रुपये). तेवढंच पनीरमधून घ्यायचं तर सत्तर ग्रॅम लागतं आणि तीस रुपये जातात. व्यायामशाळेतले दादा लोक जी पावडर सांगतात तिचा एक चमचा याहून कितीतरी महाग. तुम्ही कुस्तीच्या आखाड्यात उतरत नसाल तर तिची गरज नाही.

सोयावडी लोकांना आवडत नाही, कारण ती नीट कोणी भिजवत नाही. उकळतं पाणी ओता, दहा मिनिटांनी घट्ट पिळा, पुन्हा साध्या पाण्यात घालून पुन्हा पिळा. तो उग्र वास पाण्याबरोबर जातो. मग मीठ, तिखट, लिंबू लावून डबीत भरा आणि मेसच्या बटाट्याच्या रश्श्यात मिसळा. मी असं करताना पाहून आमच्या मेसच्या काकू आधी रागावल्या, "माझ्या भाजीत काय कमी आहे गं?" महिन्याभराने त्यांनीच बुधवारी सोयाबटाटा सुरू केला.

खोलीवर गॅस, शेगडी काहीच चालत नाही. मग डागडुजी कशी करायची?

'स्वयंपाक चालणार नाही' ही पाटी कॉट बेसिसच्या निम्म्या खोल्यांत असते, आणि वसतिगृहात तर विजेच्या शेगडीला बंदीच. चोरून कॉइल लावू नका. जुन्या वायरिंगवर ती खरंच पेटते. पाणी तापवायच्या किटलीला सहसा हरकत नसते, पण विचारून ठेवा.

किटलीत अंडी होतात: अंडी बुडतील इतकं पाणी, उकळी येऊन किटली आपोआप बंद झाली की झाकण न उघडता पंधरा मिनिटं ठेवा. दूध आणि डाळ मात्र किटलीत शिजवायला जाऊ नका. दूध उतू जाऊन खालचं मशीन जातं, आणि मग दुरुस्तीत अंड्यांची बचत जाते.

आगीशिवाय होणारं तर पुष्कळ आहे. दही-पोहे: पातळ पोहे, दही, शेंगदाणे, मीठ, हिरवी मिरची. सातूचं पीठ ताकात किंवा गूळपाण्यात कालवून, सकाळच्या तासाला जाताना दोन मिनिटांत. मोड आलेले मूग: सकाळी भिजवा, रात्री रुमालात बांधा, दुसऱ्या दिवशी तयार. पावसाळ्यात ते कच्चे खाण्यापेक्षा उकळत्या पाण्यात पाच-सात मिनिटं ठेवून खा, पोट बिघडत नाही. काकडी, टोमॅटो, गाजर, मुळा यांना कोणाची परवानगी लागत नाही, पण सुरी लागते. आमच्या खोलीत चौघींत मिळून एक सुरी होती आणि तिच्यावरून झालेली भांडणं वेगळीच.

घरून येताना काय आणावं?

लाडू-चिवडा आणा, पण तो खोलीतल्या मैत्रिणी दोन दिवसांत संपवणार हे धरून आणा. टिकणारं आणि रोज ताटाला लावायचं असं काही आणलंत तर दोन महिने जेवण सुधारतं. आपल्या प्रत्येक मुलखाकडे यासाठी काही ना काही आहे, आणि ते विद्यार्थ्यांसाठीच केलंय की काय असं वाटावं इतकं सोयीचं.

सोलापूरकडची शेंगांची चटणी: दोन मोठे चमचे घेतले तरी पाच-सहा ग्रॅम प्रथिनं. त्यांच्याकडची कडक भाकरीही महिनाभर टिकते. वरणात चुरून खाल्ली की मेसचं पाणीदार वरणसुद्धा खपून जातं. आमच्या मराठवाड्यात येसर असतो, धान्यं-डाळी आणि मसाले भाजून दळलेला. गरम पाण्यात उकळला की आमटी. प्रवासाला धपाटे, पण ते तीन-चार दिवसांचे सोबती. खानदेशातून येणारी मुलं कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ आणि बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, आणतात. विदर्भातून जवसाची चटणी. कोकणातून कुळथाचं पीठ आणि आमसुलं. कुळथाच्या पिठीला आग लागते, पण दहा मिनिटांची. सांगली-तासगावकडचे बेदाणे आणतात, आणि ते चारच्या भुकेवर शेंगदाण्यांबरोबर सोन्यासारखे.

मेतकूट हा या सगळ्यांत माझा लाडका. डाळी, तांदूळ, गहू भाजून केलेलं, शिजवायची गरज नाही. मेसचा ऊन भात, मेतकूट, घरचं चमचाभर तूप. काही रात्री मी भाजीला हातही लावलेला नाही.

सांडगे आणायला विसरू नका. खोलीवर कधी तरी शेगडीची सोय झाली की सांडग्यांची आमटी होते, आणि भाजी आणायला गेलं नाही म्हणून अडत नाही.

पूर्वी गावाकडून तालुक्याला शिकणाऱ्या पोराचा डबा रोज एसटीने यायचा. कंडक्टरकडे दिलेला, नाव खडूने लिहिलेला. पुण्याला रोजचा डबा येणं लांबचं आहे, पण मंचर-राजगुरुनगरकडच्या माझ्या एका मैत्रिणीला आठवड्याला भाकऱ्या आणि ठेचा येत असे. ज्यांचं गाव दोन तासांवर आहे त्यांनी लाजू नये.

भाजी आणि फळं स्वस्त कुठे मिळतात?

विद्यापीठाच्या बाजूला खडकी बाजार हे माझं ठिकाण. औंधची मंडई जवळ, पण भाव थोडे चढे. महात्मा फुले मंडई, १८८६ सालापासूनची, शिवाजीनगरहून आता मेट्रोने थेट गाठता येते. पण केवळ भाजीसाठी तिकिटाचे पैसे घालण्यात अर्थ नाही. शहरात कामाने गेलात तरच जाऊन या, आणि ती दगडी इमारत बघून घ्या. गुलटेकडीचं मार्केट यार्ड घाऊक आहे. चार खोल्यांनी मिळून कांदे-बटाटे-लसूण आणायचे तर ठीक, एका माणसासाठी नाही.

जागेपेक्षा वेळ महत्त्वाची. रात्री साडेआठनंतर भाजीवाल्या मावशी उरलेल्याचे वाटे लावतात. टोमॅटोचा वाटा, काकडीचा वाटा, मेथीच्या दोन जुड्या एकीच्या भावात. त्यात एखादं नासकं निघतं, ते धरून चाला. नेहमीच्या मावशी झाल्या की कढीपत्ता आणि दोन मिरच्या न मागता पडतात.

फळ म्हणजे सफरचंद हे डोक्यातून काढा. बारा महिने केळी. थंडीत पेरू, ज्यात संत्र्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व असतं. बोरं, पपई, पावसाळ्यानंतर पुरंदरची सीताफळं. मोसम सुरू होऊन दोन आठवडे झाले की घ्या, पहिल्या आठवड्यात सगळंच महाग.

विद्यापीठातल्या कँटीनमध्ये काय घ्यावं?

रिफेक्टरी, अनिकेत आणि विभागांजवळच्या टपऱ्या, सगळीकडे पोहे-उपमा-वडा-इडली हेच फिरतं. सकाळी इडली-सांबार घ्या. डाळ-तांदूळ आंबवून केलेली गोष्ट या किमतीत दुसरी मिळत नाही. पोहे घेतले तर वर शेंगदाणे मागून घ्या. सामोसा-पॅटिस-क्रीमरोल हा चारच्या भुकेचा सापळा आहे, त्याबद्दल वर लिहिलंय.

फर्ग्युसन रस्त्यावरच्या डोशांची चैन महिन्यातून एकदा, पहिल्या तारखेच्या आसपास. घरून पैसे आल्यावर. तिला नाही म्हणू नका, नाहीतर पुण्यात राहिल्यासारखं वाटत नाही.

सारखा थकवा येतो, केस गळतात. जेवणामुळे असेल का?

असू शकतं. मुलींमध्ये याचं नेहमीचं कारण रक्त कमी असणं हे असतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. आधी हिमोग्लोबिन तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात ते स्वस्तात होतं, आणि कमी निघालं तर गोळ्या लागतात. नुसत्या बिटाने भरून येत नाही.

जेवणात मात्र दोन बदल आजच करता येतात. जेवणाला लागून चहा पिऊ नका, तासाभराचं अंतर ठेवा. चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही. आणि पालेभाजी-उसळीवर लिंबू पिळा, त्याने लोह उलट जास्त अंगी लागतं. मेसमध्ये लिंबाची फोड मागायला लाजणारी मुलगी मीच होते. नंतर पिशवीत लिंबूच ठेवायला लागले.

मी अंडं-मांस खातो. मेस शाकाहारी आहे आणि मालकही.

आठवड्यातून एकदा बाहेर. खडकीत आणि शिवाजीनगरला साध्या खानावळी आहेत, तिथे चिकन थाळी दोघांत एक घेतली तर जादा भाकरीचे तेवढे पैसे पडतात. बाकी दिवस अंडी. खोलीवर सुकट भाजायच्या भानगडीत पडू नका. वास तीन मजले जातो आणि खोली सुटते. हे मी कोकणातल्या एका मित्राच्या अनुभवावरून सांगतेय.

उपवासाला मेसमध्ये काहीच नसतं. काय खायचं?

साबुदाणा खिचडीने पोट भरतं, पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसतं पिष्ट. जो काही कस आहे तो तिच्यातल्या शेंगदाण्यांचा. राजगिऱ्याच्या लाह्या दुधात, राजगिरा वडी, शेंगदाण्याचा लाडू, रताळं, दही, केळी एवढ्यावर दिवस सहज जातो.

भगरीबद्दल एक सावधगिरी. नवरात्र-महाशिवरात्रीला भगर खाऊन विषबाधा झाल्याच्या बातम्या आपल्याकडे वारंवार येतात. ओलसर भगरीला बुरशी धरते, त्यातून हे होतं. सुटी किंवा दळलेलं पीठ घेऊ नका. बंद पाकिटातली, तारीख बघून, धुऊन, आणि शिजवली की त्याच वेळी संपवायची.

खोलीवर स्वयंपाकाला परवानगी आहे. गॅस कसा मिळवायचा?

पाच किलोचा 'छोटू' सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, पुण्यातला पत्ता सिद्ध करावा लागत नाही. मोठ्या सिलिंडरमधून गल्लीत भरून देणाऱ्यांकडे जाऊ नका, दोन-चारशे वाचवायला जीव पणाला लावायचा नसतो.

भांड्यांत एक तीन लिटरचा कुकर, एक कढई, एक तवा पुरे. कुकरमध्ये मूगडाळीची खिचडी, कढईत पिठलं, आणि भाकरी येत नसेल तर भात. पिठलं येणारा माणूस पुण्यात उपाशी राहत नाही, असं आमच्या घरमालकीण आजी म्हणायच्या. त्या स्वतः मात्र भाडं एक तारखेलाच घ्यायच्या.

पैसे खरंच संपलेत. घरी मागू शकत नाही. काय करू?

हा प्रश्न बहुतेक जण रात्री उशिरा, एकट्यात विचारतात. शरमेचं यात काही नाही. या शहरात गरीब विद्यार्थी माधुकरी मागून आणि घरोघरी वार लावून जेवले आहेत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. विद्यार्थ्यांना हे करावं लागू नये म्हणूनच पुढे इथे संस्था उभ्या राहिल्या. डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये सुरू केलेली विद्यार्थी साहाय्यक समिती ग्रामीण भागातल्या मुलामुलींची अल्प खर्चात राहण्या-जेवणाची सोय करते. तिचा प्रवेश शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीला होतो, तेव्हा बारावी किंवा पदवीचा निकाल लागल्या लागल्या चौकशी करा.

सरकारी योजनांमध्ये, अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुण्यासारख्या शहरासाठी तिची रक्कम वर्षाला ६०,००० ठरवलेली होती, त्यातले ३२,००० भोजनाचे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम, इतर मागास वर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, आणि अल्पभूधारक शेतकरी व मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. अर्ज जरूर करा, पण हे पैसे जूनमध्येच हातात पडतील असं धरून मेस लावू नका.

विद्यापीठात कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाची कमवा व शिका योजना आहे. तासांवर काम, तासांवर पैसे. विभागात विचारा, अर्जाची मुदत लवकर संपते.

रेशनचं अनेकांना माहीत नसतं. घरच्या रेशनकार्डावर तुमचं नाव आणि आधार जोडलेला असेल तर पुण्यातल्या रेशन दुकानातही अंगठा देऊन धान्य उचलता येतं. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी पाच किलो, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. फक्त तुम्ही इथे उचललेलं घरच्या वाट्यातून वजा होतं, म्हणून आईला आधी फोन करा.

अगदी आजची वेळ भागवायची असेल तर शिवभोजन थाळी. २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली तेव्हापासून, कोरोनाचा काळ सोडला तर, तिचं गणित तेच: दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, मूदभर भात. केंद्रावर थाळ्यांची संख्या ठरलेली असते, तेव्हा दुपारी लवकर जा, आणि केंद्र सुरू आहे ना याची खात्री करून निघा.

आणि मेसच्या काकूंशी बोला. पहिल्या तारखेला नाही जमलं तर पंधराला देते, हे वाक्य मी दोनदा बोललेय. दोन्ही वेळा ताट वाढल्यानंतर उत्तर मिळालं.

जेवणात अळी निघाली. गप्प बसू का?

पालेभाजीत एखादी निघाली तर काकूंना दाखवा, भाजी नीट निवडली नाही एवढाच अर्थ. पुन्हा पुन्हा निघत असेल, भात आंबलेला असेल, किंवा एकाच दिवशी चार-पाच जणांचं पोट बिघडलं असेल तर फोटो काढा, तारीख-वेळ लिहा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. त्यांचा निःशुल्क क्रमांक १८०० २२२ ३६५. वसतिगृहाच्या मेसची तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रार हवेत विरते.

परीक्षेच्या दिवसांत रात्री दीडला भूक लागते. बाहेर फक्त मॅगी आणि बुर्जीपावची गाडी असते.

बुर्जीपाव खा. खरंच, त्यात दोन अंडी आहेत. रोज मात्र नको. दीडची भूक ही बहुतेक वेळा साडेसातला घाईत उरकलेल्या जेवणाची असते, म्हणून परीक्षेच्या आठवड्यात मेसमधून एक जादा चपाती मागून डब्यात आणा. दहा-वीस रुपये घेतात, काही काकू घेतही नाहीत. रात्री तिच्यावर शेंगांची चटणी पसरा, गुंडाळी करा. बरोबर किटलीतलं गरम पाणी. दूध असेल तर दूध. आणि उष्टे हात पुस्तकाला लागू देऊ नका, जयकरचं असेल तर परत करताना बोलणी खावी लागतात.